पुरात कोण कुठे: आमच्या घरच्या संपर्क-आराखड्याच्या नोंदी

५ एप्रिल

काम हाती घेतलं. कृष्णेला मोठा पूर आला आणि त्या वेळी घरची माणसं निरनिराळ्या ठिकाणी असली, तर कोण कुठे आहे हे प्रत्येकाला कळलं पाहिजे, फोन चालू असो वा बंद. सांगली, मिरज, पलूस, वाळवा भागात ज्यांची घरं पूरपट्ट्यात आहेत त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं लिहून ठेवते आहे.

घर हरिपूर रस्त्याला. घरात मामंजी, सासूबाई, आम्ही दोघं आणि मुलगा. तो सहावीत, शाळा विश्रामबागेत. मुलगी कराडला वसतिगृहावर. ह्यांचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान, माझी नोकरी मिरजेत. धाकटे भावजी आणि जाऊबाई नदीपलीकडे सांगलीवाडीला. म्हणजे कामाच्या दिवशी दुपारी बारा वाजता आम्ही आठ माणसं सहा ठिकाणी असतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सामानाचं नुकसान झालंच, पण खरे हाल माणसं शोधण्यात झाले. सासूबाईंना शेजाऱ्यांबरोबर नावेतून काढून शिबिरात नेलं होतं. तिथल्या वहीत त्यांचं नाव शेजारी हाक मारतात तसं 'आक्का' एवढंच लिहिलेलं. आम्ही पूर्ण नाव विचारत एकेक शिबिर पालथं घालत होतो आणि त्या नावाचं कुणी नाही असंच उत्तर मिळत होतं. त्या शोधात हे कमरेइतक्या पाण्यातून गेले. मी मिरजेत, ह्यांचा फोन बंद. ती रात्र पुन्हा नको.

म्हणून पहिला नियम आजच ठरला: कुणीही कुणाला शोधायला पाण्याच्या दिशेने जायचं नाही. बाकी सगळा आराखडा हा नियम पाळता यावा म्हणून.

९ एप्रिल

रात्री जेवताना सगळ्यांना विचारलं, फोन न बघता कुणाकुणाचे नंबर पाठ आहेत? ह्यांना स्वतःचा आणि दुकानाचा. मुलाला माझा, पण शेवटचे दोन आकडे उलटसुलट. सासूबाईंना एकही नाही. मामंजींना नाशिकच्या वन्संचा घरचा जुना नंबर अगदी खडखडीत पाठ, पण तो कधीचाच बंद झालाय. फोन भिजला किंवा बॅटरी संपली की आम्ही एकमेकांना पूर्ण हरवलेलो. आधी वाटलं होतं पॉवर बँक आणली की निम्मं काम झालं. ते तसं नाही.

१३ एप्रिल

लँडलाइनचा विचार केला आणि सोडला. त्यात वेळही गेला, पैसेही.

पूर्वीच्या तांब्याच्या तारेच्या फोनला एक्स्चेंजमधूनच वीज यायची, घरातली लाइट गेली तरी तो चालायचा. मामंजींच्या मनात तोच फोन होता. पण आता आमच्या भागात नवीन जोडणी मिळते ती फायबरची. फायबरच्या तारेतून वीज येत नाही, घरातल्या डब्याला आपलीच वीज लागते. त्यासाठी छोटा यूपीएस १४०० रुपयांना आणला, तो काही तास चालतो. मग लाइनमनने रस्त्यावरची पेटी दाखवली. ती आमच्या जोत्यापेक्षा खाली आहे. घरात पाणी यायच्या आधी ती बुडणार. जोडणी घेतली नाही. यूपीएसवर आता जिन्यातला दिवा चालतो.

१९ आणि २० एप्रिल

हे दोन दिवस सगळ्यात उपयोगी पडले.

सांगलीत पुराची भाषा फुटांची. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ फूट म्हणजे धोका पातळी. पण हे आकडे पुलापाशचे. आपल्या दाराशी पाणी पुलाच्या कितव्या फुटाला येतं, हे ज्याचं त्याला काढावं लागतं. नकाशावरून ते जमत नाही. आमच्याकडे वारणेचा संगम जवळ, मागच्या बाजूने ओढा. पाणी समोरून यायच्या आधी मागून चढतं.

भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ आहे. नंतर रंग दिला तेव्हा तेवढी पट्टी मुद्दाम सोडली होती. ती रेघ फरशीपासून अडीच फुटांवर. त्या वर्षी पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २०२१ च्या जुलैत ते ५५ फुटांच्या आसपास होतं तेव्हा आमच्या उंबरठ्याला टेकलं. २००५ ला ५३ च्या वर गेलं तेव्हा पायरीपर्यंतच. तिन्ही खुणा एकमेकींशी जुळतात: फरशी म्हणजे साधारण ५५ फूट.

मग ओळखीच्या गवंड्याला बोलावून लेव्हल पाईपने उंबरठ्याची उंची गल्लीच्या तोंडापर्यंत नेली. गल्लीचं तोंड, जिथे मोरी आहे, ते उंबरठ्यापेक्षा चार फूट खाली. म्हणजे ५१ फुटांनाच रस्ता बंद. घर कोरडं, सामान कोरडं, आणि बाहेर पडायची वाट नाही. २०१९ ला 'अजून घरात कुठं आलंय' म्हणत बसलो ते ह्याच चार फुटांत अडकलो. गवंड्याने पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. त्याचंही घर दत्तनगरला आहे, तो दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गल्लीत हेच करणार होता.

ह्यावरून ठरलं: ४० फुटांना सासूबाई, मामंजी आणि मुलगा विश्रामबागेत माझ्या मावशीकडे. ४५ ला आम्ही दोघं. कितीही ऊन पडलेलं असलं तरी. आपल्याकडे पाऊस थांबला म्हणजे पूर थांबला असं होत नाही. कोयनेचं पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं, वारणेचं हरिपूरला, आणि वर महाबळेश्वर, नवजाला पाऊस चालू असला तर इथे निरभ्र आकाशाखाली पाणी चढतं.

२६ एप्रिल

मामंजी म्हणाले, "तुम्ही जावा. मी ४० ला हलणार नाही."

चर्चा तापली. ह्यांनी आवाज चढवला, मीही. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "म्हशींचं काय ते आधी बोला." दोन म्हशी आहेत. २०१९ लाही मामंजी मागे राहिले ते म्हशींसाठी, आणि त्यांच्यासाठी सासूबाई, आणि त्या दोघांसाठी हे पाण्यात गेले. सगळी साखळी गोठ्यापासून सुरू होते आणि आमच्या कागदावर गोठा नव्हताच.

दुपारी बुधगावला मामंजींच्या मेहुण्यांकडे जाऊन आलो. गोठ्यात जागा आहे, वैरण आपण पोचवायची. छोटा हत्तीवाल्याशी बोललो. तो म्हणाला, ऐन पुरात गाडी मिळणार नाही आणि मिळाली तर दुप्पट भाडं, पण ३५ फुटांना फोन केला तर ८०० रुपयांत नेतो. तर आता: ३५ फूट, म्हशी बुधगावला. पाणी पुढे चढलं नाही तर ८०० गेले आणि परत आणायचे ८००. हा खर्च मी आनंदाने करीन.

म्हशींचं ठरल्यावर मामंजींनी स्वतःहून ४० चा आकडा मान्य केला. ज्यांच्या घरी जनावर आहे त्यांनी सुरुवात इथूनच करावी.

३ मे

बाहेरगावचा माणूस ठरवला. कल्पना सोपी आहे. पुरात सगळे सगळ्यांना फोन करतात, लाइन लागत नाही, बॅटरी संपते. त्यापेक्षा प्रत्येकाने एकाच बाहेरच्या माणसाला निरोप द्यायचा आणि त्याच्याकडूनच इतरांची खबर घ्यायची. आठ जणांनी आपसात विचारपूस करायची तर केवढे फोन होतात ते बघा. इथे प्रत्येकाचा एक.

पहिलं नाव इचलकरंजीच्या चुलतदिरांचं होतं, कारण ते हुशार आणि तत्पर. पण कृष्णेला पूर असतो तेव्हा पंचगंगेलाही असतो, ते स्वतःच अडकतील. कोल्हापूर, शिरोळ, कराड सगळी नावं त्याच कारणाने बाद. नाशिकच्या वन्सं ठरल्या. गोदावरीला पूर येतो, पण त्यांचं घर नदीपासून लांब. त्यांनी एक दोनशे पानी वही केली आहे: तारीख, वेळ, कोण, कुठे, सोबत कोण.

निरोप एसएमएसने, व्हॉट्सअ‍ॅपने नाही. व्हॉट्सअ‍ॅपला इंटरनेट लागतं. एसएमएसला थोडीशी रेंज पुरते आणि लाइन गर्दीत असली तर तो थांबून, जागा मिळाल्यावर जातो. मात्र देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं बसतात, आणि त्यात काना, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. जास्त झालं की तुकडे होतात आणि एखादा तुकडा मागे राहतो. म्हणून निरोपाचा साचा ठरवला:

"आई ठीक. विश्रामबाग मावशीकडे. सोबत बाबा. पुढचा निरोप ६ ला."

हा सत्तरच्या आत बसतो. कोण, कुठे, सोबत कोण, पुढची वेळ. काळजी, पाण्याची वर्णनं, फोटो काही नाही.

१० मे

पहिला सराव. रविवार सकाळ. अट: सगळ्यांचं इंटरनेट बंद, आपसात फोन नाही, जो तो जिथे असेल तिथून फक्त वन्संना एसएमएस.

फसला.

भावजींनी सवयीने व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप टाकला, तो दुपारी पोचला. सासूबाईंच्या फोनवरून एसएमएस जाईना. त्यांच्या रिचार्जची मुदत संपली होती आणि येणारे फोन तोवर लागत असल्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मुलीचा निरोप गेला पण त्यात "मी ओके" एवढंच, जागा नाही. आणि वन्सं त्या सकाळी हळदीच्या कार्यक्रमाला गेलेल्या, फोन पर्समध्ये, पर्स आतल्या खोलीत. बाराला त्यांनी घाबरून ह्यांना फोन केला, "अरे, खरंच पूर आलाय का?"

त्यावरून केलेले बदल: वन्संबरोबर त्यांच्या यजमानांचाही नंबर, प्रत्येक निरोप दोघांना. सगळ्यांचे रिचार्ज १ जूनला एकदम, निदान तीन महिन्यांचे. घरातले सगळे एकाच कंपनीचं सिम वापरत होतो; आता ह्यांचं आणि माझं दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं. एका कंपनीच्या मनोऱ्याचं डिझेल संपलं तरी दुसऱ्याचा चालू असू शकतो.

१४ मे

सासूबाईंचा फोन. त्यांना मोठ्या फोनवर एसएमएस लिहिणं जमत नाही आणि मी तो हट्ट सोडला. बटणांचा फोन आणला, १३०० रुपये. २ चं बटण दाबून धरलं की नाशिक, ३ दाबून धरलं की मी. त्यांनी दोन्ही आमच्यासमोर लावून बघितले. उचलायची वाट न बघता ठेवून दिलं तरी चालेल, वन्सं वहीत "आईचा मिस्ड कॉल, ठीक" लिहितात. ह्या फोनची बॅटरी आठवडाभर टिकते हा मोठा फायदा.

पण दुसऱ्याच्या फोनवरून मिस्ड कॉल देऊन उपयोग नाही, अनोळखी नंबर कुणाचा हे वन्संना कळणार नाही. तेव्हा बोलायचंच. आणि बोलायला नंबर हवा. त्यासाठी कार्ड.

१७ ते २१ मे

कार्डांचं काम. प्रत्येकासाठी एक, खिशात मावेल एवढं. त्यावर: आधार कार्डावर आहे तसं पूर्ण नाव, घरात आणि शेजारी हाक मारतात ते नाव, रक्तगट, रोजची औषधं, नाशिकचे दोन नंबर, मावशीचा नंबर, भेटायची जागा. खाली ११२, रुग्णवाहिकेचा १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. आधारचा किंवा बँकेचा नंबर मुद्दाम घातला नाही, कार्ड हरवू शकतं.

पहिला संच घरच्या प्रिंटरवर काढून लॅमिनेट केला आणि रात्रभर बादलीत टाकला. सकाळी शाई पसरलेली. दुकानदाराने कागद आणि प्लॅस्टिक एकाच रेषेत कापले होते, त्यामुळे कडेने पाणी शिरलं. शिवाय दोरीसाठी मी कागदातून भोक पाडलं होतं, तिथूनही शिरलं. दुसऱ्या संचात कागद चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर लहान, भोक फक्त प्लॅस्टिकच्या पट्टीत, आणि छपाई झेरॉक्सवाल्याकडून, कारण त्याची शाई पाण्याने पसरत नाही. दोन रात्री बादलीत राहून कोरडा निघाला. एका कार्डाला २५ रुपये.

सासूबाईंचं कार्ड त्यांच्या कमरेच्या पिशवीत. मामंजींचं बंडीच्या आतल्या खिशात, मोठ्या अक्षरांत, कारण चष्मा जागेवर असेलच असं नाही. मुलाचं दप्तराच्या आत शिवलं.

शिबिरात पोचल्यावर पहिलं काम: कार्ड काढून वहीवाल्याला द्यायचं आणि ते बघून पूर्ण नाव लिहायला सांगायचं.

२४ मे

भेटायच्या जागा. इथे कागदावर एकच जागा लिहिली होती, मावशीचं घर. जाऊबाईंनी विचारलं, "ताई, आम्ही नदीपलीकडून येणार कसं?" पुलाकडे जाणारे रस्तेच पाण्याखाली गेले की पूल उभा असून उपयोग नाही. नदीच्या दोन्ही काठांना वेगवेगळी जागा हवी. भावजींची जागा आता आष्ट्याला, जाऊबाईंच्या माहेरी, आणि त्यांनी ४० फुटांच्या आतच निघायचं. सांगलीकडे यायचा प्रयत्न करायचा नाही, आईवडिलांसाठीसुद्धा. हे बोलताना भावजी गप्प झाले. मग म्हणाले, "वहिनी, रोजचा निरोप तेवढा चुकवू नका."

मुलीने कराडहून निघायचं नाही. वसतिगृह उंचावर आहे, तिथेच थांबायचं. घरची ओढ लागली की मुलं एसटी पकडतात आणि वाटेत अडकतात, म्हणून हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मुलाची शाळा विश्रामबागेत, उंचावर. तो शाळेतच थांबेल, मावशी न्यायला जाईल. शाळा ओळखीशिवाय मूल कुणाच्या हाती देत नाही आणि ते योग्यच आहे. म्हणून मावशी आणि तिची सून ह्यांची नावं फोटोंसह शाळेत लेखी द्यायची.

३० मे

वीज आणि बातम्या. २०,००० एमएएचच्या दोन पॉवर बँका, ३४०० रुपये. डब्यावरचा आकडा आतल्या बॅटरीचा असतो, फोनपर्यंत येताना बरंच वाया जातं. माझा ५,००० चा फोन चार वेळा भरेल असं वाटलं होतं, अडीच वेळा भरला.

त्यापेक्षा मोठी बचत वेळ ठरवल्याने होते. सगळ्यांनी फोन बंद ठेवायचे आणि सकाळी ८, दुपारी १, संध्याकाळी ६ ला पाव तास उघडायचे. ह्याच वेळी वन्सं सगळ्यांची खबर एका एसएमएसमध्ये परत पाठवतील.

सेलवरचा रेडिओ आणला. फोनमधला रेडिओ बहुतेक एफएमच पकडतो, म्हणून मध्यम लहरीही लागणारा बघून घेतला. फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन इशारे चालू आहेत का ते प्रत्येकाचं तपासलं. मामंजींचे बंद होते.

अफवांचा नियम: "कोयनेचे दरवाजे उघडले" असा निरोप आला की पळायचं नाही, आकडा बघायचा. धरणाच्या पायथा वीजगृहातून सोडलेले २१०० क्युसेक (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी) वेगळे आणि सहा वक्र दरवाजे उचलून सोडलेलं पाणी वेगळं. जलसंपदा विभागाचा किंवा जिल्हा प्रशासनाचा आकडा तेवढा खरा, आणि आमच्यासाठी शेवटी आयर्विनचे फूट.

७ जून

दुसरा सराव, ह्या वेळी कामाच्या दिवसासारखा. हे यार्डात, मी मिरजेत, मुलगा मावशीकडे. सगळ्यांचे निरोप पाऊण तासात वहीत. मुलीने जागा लिहिली. मुलाला अनोळखी माणसाचा फोन मागून नाशिकला बोलायला लावलं. त्याने किराणा दुकानदाराला कार्ड दाखवलं आणि काम झालं. मामंजींनी १ वाजता फोन उघडला नाही, झोपले होते. त्यांच्या घड्याळात गजर लावला.

एक गोष्ट ह्या सरावात बसत नव्हती ती बोलून ठरवली. ४५ च्या पुढे कुणी घरात अडकलंच तर वरच्या मजल्यावर जायचं, ११२ ला कळवायचं, खिडकीला लाल साडी बांधायची आणि थांबायचं. नावेत गर्दी असेल तर पुढच्या फेरीची वाट बघायची. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बचावाचीच नाव उलटली आणि माणसं गेली. त्या गावाची आठवण काढली की सासूबाई आजही डोळ्याला पदर लावतात. लवकर निघायचं ते नावेत बसायची वेळच येऊ नये म्हणून.

१२ जून

आतापर्यंतचा खर्च सात हजारांच्या घरात, त्यातला यूपीएस वाया. वेळ म्हणाल तर दोन महिन्यांचे बहुतेक रविवार.

राहिलेली कामं: शाळा उघडली की मावशीच्या नावाचं पत्र द्यायचं. आष्ट्याच्या घरचा दुसरा नंबर घ्यायचा, तिथे एकच फोन आहे. बुधगावला वैरण पोचवायची, मामंजी म्हणतात पहिल्या पावसाआधी. आणि शेजारच्या आजी एकट्या राहतात, त्यांचा मुलगा दुबईला. त्यांचं कार्ड आजच छापायला दिलंय, त्यावर बाहेरचा नंबर त्यांच्या मुलाचा आणि नाशिकचाही. ४० फुटांना मावशीकडे निघणाऱ्या रिक्षात त्यांची जागा धरली आहे.